मोटारीला फुटलेले पंख

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिक आणि त्यावर चित्रकलेची पदविका, एवढीच माझी विद्या. मोटारीच्या यंत्राविषयी मी बोलू लागलो तर बसस्टँडमागचा कोणताही मेस्त्री मला दोन वाक्यांत गप्प करील. परंतु मोटारीच्या आकाराविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी मानतो. रेघ कशासाठी काढली, हे विचारणे माझ्या धंद्यातच येते. आणि आज मी ज्या मताविरुद्ध लिहिणार आहे त्या मताचा सारा भार आकारावरच आहे.

ते मत माझ्या एका विद्वान स्नेह्यांनी परवा मांडले. ते म्हणाले, "गुरुजी, अमेरिका पुढे गेली, कारण तिथे दरवर्षी नवी मोटार निघाली. आपण मागे राहिलो, कारण आपण एकच पद्मिनी पस्तीस वर्षे घासत बसलो. बदल म्हणजे प्रगती!" बोलता बोलता त्यांनी १९५९ सालच्या कॅडिलॅक एल्डोराडोचे चित्र मला दाखवले. लांबलचक गाडी, मागे दोन्ही अंगांना उभे राहिलेले पंख, आणि प्रत्येक पंखात बंदुकीच्या गोळीसारखे दोन दोन लाल दिवे. चित्र पाहून कोणाचेही भान हरपावे. माझेही क्षणभर हरपले, हे कबूल केले पाहिजे. परंतु भान परत आल्यावर मला वाटले की, हे मत मुळापासून तपासले पाहिजे. कारण ते आता केवळ विद्वानांचे उरलेले नाही. ते आमच्या गावोगावच्या मांडवांत शिरले आहे.

प्रथम कॅडिलॅकला न्याय देऊ. ही कंपनी १९०२ साली हेन्री लेलँड यांच्या हाताखाली उभी राहिली. डेट्रॉइट शहर १७०१ साली ज्या फ्रेंच सरदाराने वसवले, त्याचे नाव तिने घेतले. लेलँड हे मापाचे वेडे होते. १९०८ साली इंग्लंडमध्ये कॅडिलॅकच्या तीन गाड्या पूर्ण खोलण्यात आल्या, सारे भाग एकमेकांत मिसळून टाकले, काही भाग तर दुकानाच्या साठ्यातून आणून घातले, आणि त्या ढिगातून पाना व पेचकस एवढ्याच हत्यारांनी पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. त्या पाचशे मैल चालवल्या गेल्या आणि कंपनीला ड्युअर ट्रॉफी मिळाली. ज्या काळात प्रत्येक भाग कानशीने घासून बसवावा लागे, त्या काळात कोणताही भाग कोणत्याही गाडीला बसतो हे सिद्ध करणे ही साधी गोष्ट नव्हती. आज हिंगोलीच्या दुकानात मला माझ्या मोटारसायकलची क्लचप्लेट तयार मिळते, त्यामागे याच विचाराची पुण्याई आहे.

पुढे १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅकला बसला. तोवर मोटार चालू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारायचे. ते उलटे फिरले की मनगट मोडायचे. स्टार्टर आला आणि ज्याच्या दंडात बळ नाही त्यालाही, मुख्य म्हणजे स्त्रियांना, मोटार एकट्याने चालवणे शक्य झाले. १९२८ च्या सुमारास दात न खडखडता बदलणारा गिअरही याच कंपनीने प्रथम आणला. या तिन्ही बदलांना मी हात जोडतो. या प्रत्येक बदलापुढे एक प्रश्न टाकला तर त्याचे सरळ उत्तर मिळते. प्रश्न असा: या बदलाने कोणाची कोणती अडचण दूर झाली?

आता पुढचा इतिहास पाहू. १९२० नंतर अमेरिकेत मोटार जवळजवळ घरोघर पोचू लागली. जिला जी अडचण दूर करायची होती ती बरीचशी दूर झाली. मग नवी मोटार विकायची कोणाला? ज्याच्याजवळ आधीच चांगली चालणारी मोटार आहे त्याला! जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी या कोड्याचे उत्तर शोधले. त्यांनी दर सालच्या मॉडेलची प्रथा पक्की केली आणि १९२७ साली कंपनीत कला व रंग यांचा स्वतंत्र विभाग काढला. हार्ले अर्ल नावाचा एक कल्पक माणूस त्याचा प्रमुख झाला. माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तराला याचा आनंद व्हायला हवा होता. कारखान्यात चित्रकाराला एवढे मोठे स्थान यापूर्वी कोणी दिले होते? परंतु त्या चित्रकाराला काम कोणते दिले, ते पाहा. गेल्या वर्षी त्याने स्वतःच काढलेले चित्र यंदा जुनाट दिसेल, असे चित्र काढण्याचे काम त्याला दिले. ज्या माणसाने दोन वर्षांपूर्वी हौसेने गाडी घेतली, त्याला ती दारात उभी करायची लाज वाटली पाहिजे, ही त्या कलेची कसोटी ठरली. अर्ल यांनी हे लपवूनही ठेवले नाही. वस्तू लवकर जुनी करणे हे आपले काम आहे, असे ते उघडपणे सांगत.

पंखांचा जन्म यातूनच झाला. महायुद्धाच्या काळात लॉकहीडचे पी-३८ हे दुहेरी शेपटाचे लढाऊ विमान अर्ल यांच्या दृष्टीस पडले, आणि १९४८ च्या कॅडिलॅकला मागे दोन लहानसे उंचवटे आले. विमानाला शेपूट असते ते हवेत तोल आणि दिशा सांभाळण्यासाठी. बाजारातून भाजी घेऊन घरी येणाऱ्या मोटारीचा कोणता तोल जात होता? पण उंचवटे विकले गेले. म्हणून पुढच्या साली ते थोडे वाढले, त्याच्या पुढच्या साली आणखी थोडे.

१९५३ साली कंपनीने आपले सर्वांत भारी मॉडेल काढले. सुवर्णमहोत्सव नुकताच झाला होता. म्हणून नाव ठेवले एल्डोराडो, म्हणजे सोन्याने मढलेला. किंमत ७,७५० डॉलर. त्या पैशात त्याच जनरल मोटर्सच्या साध्या शेव्हरोलेच्या चार गाड्या आल्या असत्या. पहिल्या वर्षी अवघ्या ५३२ गाड्या निघाल्या. त्यांतल्या एकीत उभे राहून आयझेनहॉवर आपल्या पदग्रहणाच्या मिरवणुकीत हात हालवीत गेले. दुसऱ्याच वर्षी किंमत सुमारे दोन हजार डॉलरनी उतरली. का? तर एल्डोराडोचा स्वतंत्र सांगाडा गेला आणि कॅडिलॅकच्या नेहमीच्या साच्यावर थोडे दागिने चढवून तेच नाव चालू ठेवले गेले. आणि १९५९ साली पंखांनी कळस गाठला. गाडी जवळजवळ पावणेएकोणीस फूट लांब. आमच्या शाळेच्या वर्गात ती तिरकी उभी केली तरच मावेल.

येथे माझे स्नेही म्हणतील, "सौंदर्यालाही उपयोग असतो. नक्षी कशासाठी, असे विचारणारा मास्तर रूक्ष आहे." मला नक्षीचे वावडे नाही. औंढ्याच्या नागनाथाच्या मंदिरावरचे शिल्प मी दरवर्षी मुलांना नेऊन दाखवतो. त्या दगडातल्या रेघेचाही पोट भरण्यासाठी उपयोग नाही. पण ती रेघ ज्याने कोरली त्याने ती शेकडो वर्षे टिकावी म्हणून कोरली. पुढच्या दसऱ्याला तिची लाज वाटावी म्हणून कोरली नाही. एल्डोराडोच्या पंखांचे काय झाले? १९६० सालापासून ते उतरू लागले आणि १९६५ च्या मॉडेलवर दिसेनासे झाले. ते सौंदर्य होते तर सहा वर्षांत कुरूप कसे झाले? आणि ती सुधारणा होती तर काढून का टाकली? उलट राल्फ नेडर यांनी १९६५ सालच्या आपल्या पुस्तकात या टोकदार पंखांनी माणसे जखमी झाल्याची उदाहरणेच दिली आहेत. अडचण दूर करणे राहिले बाजूला. एक नवी अडचण रस्त्यावर आली.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे आणि तो मी टाळणार नाही. दर साली नवी गाडी निघाली म्हणून डेट्रॉइटच्या लाखो कामगारांना काम मिळाले, त्यांची मुले शिकली, त्यांनी घरे बांधली. हे खरे आहे. शेतमजुराच्या मुलांना शिकवणारा माणूस याला क्षुल्लक म्हणूच शकत नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. एल्डोराडो फुगत गेली. १९७० साली तिच्यात ८.२ लिटरचे इंजिन बसले. आपल्या पद्मिनीच्या इंजिनाच्या साडेसात पट! १९७३ साली अरबांनी तेल अडवले आणि या धुडाला पाजायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्याच वेळी जपानची लहान, टिकाऊ, कमी तेल पिणारी मोटार अमेरिकेच्या बंदरावर उतरत होती. तिला पंख नव्हते, पण ती रोज सकाळी चालू होत होती. १९७६ साली कॅडिलॅकने 'ही अखेरची उघडी एल्डोराडो' अशी दवंडी पिटून त्या गाड्या विकल्या, आणि १९८४ साली त्याच नावाची उघडी गाडी पुन्हा बाजारात आणली. २००२ साली हे मॉडेलच संपले. डेट्रॉइट शहरात १९५० साली साडेअठरा लाख माणसे राहत. २०१० साली ती सव्वासात लाखांच्या आत आली. २०१३ साली शहराने दिवाळे जाहीर केले. या अधोगतीला कारणे अनेक आहेत, सारे पाप पंखांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु दुसऱ्याला लाज वाटायला लावून मिळवलेले काम पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नसावी.

खुद्द अमेरिकेतही याला दुसरे उत्तर निघाले होते. फोर्डच्या लिंकन कॉन्टिनेन्टलची १९५८ ते ६० ची मॉडेले अशीच अवाढव्य होती. १९६१ साली एल्वुड एंगेल यांच्या चित्रावरून जी नवी कॉन्टिनेन्टल आली ती आधीच्या गाडीपेक्षा फुटाहून अधिक आखूड होती. तिच्या अंगावरचे जवळजवळ सारे दागिने उतरवले होते; कडेने एक सरळ रेघ पुढून मागे गेली होती. आठ-नऊ वर्षे तोच आकार थोड्याफार फरकाने राहिला. ती काही गरिबाची गाडी नव्हती. राष्ट्राध्यक्ष केनेडी डलास येथे मारले गेले ते तिच्यावरून बांधलेल्या गाडीत. पण काढून टाकणे हाही बदल असतो, हे तिने दाखवले. दुर्दैवाने पुढच्या दशकात तीही फुगली.

आता घराकडे वळू. आमच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी परकी सत्ता असताना देशी मोटारीचे स्वप्न पाहिले. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. त्या धाडसाला माझा नमस्कार आहे. पण क्रायस्लरकडून आपल्याकडे काय आले? डॉज किंग्सवे, प्लिमथ सॅव्हॉय, डिसोटो डिप्लोमॅट. नावे तीन, ऐट तीन प्रकारची. आणि आतली गाडी मुळात एकच, प्लिमथची! पुढची जाळी आणि नावाची पट्टी बदलली की किंग्सवेचा मालक डिप्लोमॅटच्या मालकाकडे तिरक्या नजरेने पाहायला मोकळा. पंख आले त्याआधीच पंखांमागचा विचार आपल्या बंदरावर उतरला होता.

मग प्रीमियरने फियाट धरली. १९६४ साली ११०० डी हे मॉडेल आले. पुढे त्याचेच नाव पद्मिनी झाले. मूळ इटलीत ते मॉडेल १९६६ साली सोडून दिले; आपण ते विसावे शतक संपेपर्यंत चालवले. हल्ली पद्मिनीसाठी अश्रू ढाळण्याची एक फॅशन निघाली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा अनेकांनी तिच्या साधेपणाची आरती ओवाळली. मी त्या आरतीला टाळ्या वाजवणार नाही. पद्मिनी बदलली नाही याचे कारण साधेपणाचे व्रत नव्हते. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. मग सुधारणा करायची कशाला? माझ्या स्नेह्यांच्या म्हणण्यातला एवढा भाग मी बिनशर्त मान्य करतो. फक्त त्यातून ते जो निष्कर्ष काढतात तो चूक आहे. अमेरिकेत कंपनीने गिऱ्हाइकाला लाजवले, इथे कंपनीने गिऱ्हाइकाला ताटकळवले. दोन्हीकडे एक गोष्ट समान होती: रस्त्यावरच्या माणसाला काय हवे, हे कोणी विचारले नाही. एकीकडे नको तो बदल दरवर्षी, दुसरीकडे हवा तो बदल कधीच नाही. दुसरा रोग पाहून पहिल्या रोगाला औषध म्हणणे, हे शहाणपण नव्हे.

आणि हे सारे मी दिवाळीच्या दिवसांत का उगाळतो आहे, ते आता सांगतो.

माझी एक विद्यार्थिनी होती. तिचा हात चित्रकलेत फार सुरेख. बैलाच्या पाठीची रेघ ती एका दमात काढी. तिचे लग्न ठरले तेव्हा मुलाकडून निरोप आला, "हुंडा आम्ही घेत नाही. फक्त चारचाकी द्या." बापाची सहा एकर जमीन, हळद आणि सोयाबीन. त्याने दोन एकर विकली आणि गाडी दारात उभी केली. मी त्या लग्नात अक्षता टाकल्या. मांडवात मुलीपेक्षा गाडीचे फोटो अधिक निघाले. गाडीचे तोंड वाघासारखे होते आणि मागे दिव्यांची आडवी माळ होती. जावयाच्या गावाला जाणारा रस्ता असा की, तिथे बैलगाडीही विचार करून पाय टाकते. डिझेल कोण भरणार, हा प्रश्न दुसऱ्या महिन्यात आला. पुढे ती गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली आणि तिच्या टपावर तुरीच्या शेंगा वाळू लागल्या.

इथपर्यंतची गोष्ट वाचकांच्या ओळखीची असेल. खरी गोष्ट पुढे आहे. तीन वर्षांनी धाकट्या मुलीचे ठरू लागले. पाहुण्यांनी थोरल्या जावयाची गाडी पाहिली आणि म्हणाले, "ही नको. हे मॉडेल जुने झाले. आता नवे आले आहे." बाप माझ्याकडे आला आणि त्याने मला विचारले, "सर, तुम्ही शिकलेले आहात. जुन्या आणि नव्यात फरक काय असतो?" मी त्याच्या मोबाइलवर दोन्ही चित्रे पाहिली. इंजिन तेच होते. पुढची जाळी बदलली होती आणि मागच्या दिव्यांचा आकार बदलला होता. त्या बदलाची किंमत त्याच्या सातबाऱ्यावर आणखी सव्वा एकर होती.

त्या दिवशी मला हार्ले अर्ल यांची कला नीट समजली. डेट्रॉइटच्या टेबलावर काढलेली रेघ शेतकऱ्याच्या बांधावर येऊन कशी पडते, ते मी डोळ्यांनी पाहिले. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. तो वाचून दाखवायला मी त्या पाहुण्यांकडे गेलो, तर ते हसून म्हणाले, "गुरुजी, हा हुंडा कुठे आहे? ही तर प्रगती आहे!" माझ्या विद्वान स्नेह्यांचे वाक्य शब्दशः त्यांच्या तोंडी होते. म्हणून मी या वाक्याच्या विरुद्ध लिहितो. ते वाक्य निरुपद्रवी नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, शेतकऱ्याने चारचाकी घेऊच नये काय? त्याने जन्मभर एसटीची वाट पाहावी? छे! रात्री बाळंतपणाला अडलेली बाई दवाखान्यात पोचवणारी जीप मी पाहिली आहे. बाजाराच्या दिवशी दाटीवाटीने माणसे भरून धावणारी आमची काळी-पिवळी मी रोज पाहतो. तिच्यावर अनेक घरे जगतात. ज्याला गाडीची गरज आहे त्याने ती जरूर घ्यावी, आणि ती गरीब असो की श्रीमंत, चांगलीच घ्यावी. ब्रेक सुधारला, धूर कमी झाला, अपघातात जीव वाचवणारी हवेची उशी आली, तर त्या सुधारणेसाठी दोन पैसे जास्त मोजावेत. तो केटरिंगच्या स्टार्टरचा वंश आहे. माझे भांडण पंखांच्या वंशाशी आहे.

आता शेवटी स्वतःच्या घरात पाहिले पाहिजे, नाहीतर हा सारा उपदेश दुसऱ्याच्या अंगणापुरता राहील. मी कादंबऱ्या लिहितो. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली सुरू केली, आणि तेव्हापासून आम्हा लेखकांनाही दर सालचे मॉडेल काढण्याची सवय लागली आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीतला नायक हा पहिलीतलाच नायक होता. मी त्याचे गाव बदलले आणि त्याला चष्मा लावला. प्रकाशकांनी नवे मुखपृष्ठ घातले. समीक्षकांनी 'नवे वळण' म्हटले. मी तेव्हा खूश झालो होतो. आज कळते की, मीही जुन्याच सांगाड्यावर जाळी बदलून दिली होती. तेव्हा मोटारवाल्यांना दोष देताना माझ्या बोटाला जी शाई लागली आहे ती मी लपवीत नाही.

धाकट्या मुलीचे ते लग्न मोडले. बापाने सव्वा एकर विकली नाही. गावाने त्याला नावे ठेवली. मुलगी सध्या परिचारिकेचे शिक्षण घेते आहे आणि जाणे-येणे एसटीने करते.

मुलांना मी वर्गात सांगतो की, मोटारीचे चित्र काढा, हवी तेवढी मोठी काढा, हवा तो रंग द्या. फक्त प्रत्येक रेघेपाशी थांबून विचारा, ही कशासाठी? ज्या रेघेचे उत्तर मिळणार नाही ती खोडा. खोडरबर स्वस्त आहे. जमीन स्वस्त नाही.